इटलीच्या खेड्यात आठवडाभर राहणार, कमी पैशात चांगलं कसं जेवायचं?

अनघा_कोथरूड
नमस्कार मंडळी, सप्टेंबरच्या शेवटी आम्ही पाचजण इटलीला निघालोय. मी, नवरा, लेक (वय ९) आणि सासूसासरे. रोम, फ्लॉरेन्स झालं की पुढचा आठवडा टस्कनीत एका खेड्यात राहायचंय, पिएन्झाजवळ शेतावरचं घर बुक केलंय, त्यात स्वयंपाकघर आहे आणि गाडी भाड्याने घेतोय. विमान, व्हिसा, घर सगळं झालं, आता अडलंय ते जेवणाचं. युरो शंभर रुपयांच्या आसपास गेलाय आणि पाचजण रोज दोन वेळा हॉटेलात जेवलो तर आठवड्याचा आकडा बघून घाम फुटतोय. त्यात सासूबाईंचं चातुर्मासात कांदालसूण बंद असतं, अंडं त्या कधीच खात नाहीत. सासरे मात्र सगळं खातात आणि त्यांना तिकडचं खरं जेवण जेवायचंच आहे. रोज थेपले आणि रेडी टू ईटची पाकिटं मला नकोत, एवढ्या लांब जाऊन ते खायचं तर घरीच बसू. पाचजणांचं दिवसाचं सगळं खाणं १०० युरोत बसेल का? जे तिकडे राहतात किंवा खेड्यांत फिरलेत त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

मीनल_मोदेना
अनघा, बसेल. आणि चांगलं बसेल, पोट मारून नाही. मी इकडे बरीच वर्षं आहे, आईबाबा, सासरचे, मावश्या, सगळ्यांना खेड्यांतून फिरवलंय, त्यामुळे जरा लांबण लावते, सहन कर.

पहिली गोष्ट म्हणजे बाहेरचं जेवण दुपारी घ्यायचं, रात्री नाही. आपण सहलीला गेलो की दुपारी काहीतरी तोंडात टाकतो आणि रात्री नीट बसून जेवतो, इथे ते उलटं करायचं. खेड्यापाड्यांतल्या साध्या त्रात्तोरियांत म्हणजे घरगुती खाणावळींत आठवड्याच्या दिवशी दुपारी कामगारांसाठी ठरलेल्या किमतीचं जेवण असतं, पाटीवर 'प्रांझो दि लावोरो' किंवा 'मेनू फिस्सो' लिहिलेलं असतं, साधारण १२ ते १५ युरो. त्यात एक प्रीमो म्हणजे पास्ता किंवा सूप, एक सेकोंदो म्हणजे मांसाचा पदार्थ, बरोबर कोंतोर्नो म्हणजे भाजी किंवा सॅलड, पाणी, बऱ्याच ठिकाणी पाव लिटर वाईन आणि शेवटी कॉफीसुद्धा. त्याच हॉटेलात रात्री तेवढंच मागवलं तर दुप्पट तरी होतं. गवंडी, इलेक्ट्रिशियन, शेतावरची माणसं रोज तिथे जेवतात म्हणून जेवण चांगलंच ठेवावं लागतं, नाहीतर ती माणसं दुसऱ्या दिवसापासून समोरच्याकडे जातात. पर्यटक काय, एकदा येतो आणि जातो.

वेळ मात्र कडक पाळायची. साडेबाराला किचन उघडतं आणि दोन-सव्वादोनला बंद. अडीचला पोचलात तर मालकीण अगदी प्रेमाने सांगेल की आता काही मिळणार नाही. मग रात्री साडेसातशिवाय कुठे चूल पेटत नाही. भारतातून आलेली मंडळी इथेच उपाशी राहतात आणि मग हायवेवरच्या पंपावर महागातलं थंडगार सँडविच खातात. शिवाय आठवड्यातला एक दिवस प्रत्येक हॉटेल बंद असतं, खूपदा सोमवार, पण ठिकाणागणिक वेगळा, फोन करून विचारायचं.

आता हिशोब. सकाळचं घरी, पाव, दूध, फळं, जॅम, पाचजणांचं ८ युरोत होतं. दुपारी तू, नवरा, सासरे तिघांचे फिस्सो १५ च्या हिशोबाने ४५. सासूबाईंना एक पास्ता ८ आणि एक कोंतोर्नो ५, लेकीला अर्धी प्लेट ५ (मेझ्झा पोर्त्सियोने म्हणायचं, लहान मुलांना आनंदाने देतात). त्या दोघींचा कोपेर्तो ४ धर. झाले ६७. रात्री घरी स्वयंपाक, बाजारातल्या ताज्या भाज्या, पाव, चीज, १८ युरो. चार कॉफ्या ५. एकूण ९८. आणि हा बाहेर जेवण्याचा दिवस झाला. एकाआड एक दिवस डबा घेऊन टेकडीवर बसलात तर तो दिवस ४० च्या आत संपतो.

ऋतुजा२०११
मीनलताई, कोपेर्तो म्हणजे काय ते पण सांगा ना, आमच्या बिलात रोममध्ये काहीतरी जास्तीचं लावलेलं आणि नवरा भांडायला उठला होता.

मीनल_मोदेना
ऋतुजा, कोपेर्तो म्हणजे माणशी बसण्याचे पैसे, त्यात टेबलक्लॉथ आणि पाव येतो. दीड ते तीन युरो. मेनूकार्डवर खाली बारीक अक्षरात लिहिलेला असतो आणि तो लिहिणं त्यांना भागच आहे, त्यामुळे बसायच्या आधी बाहेर लावलेलं कार्ड वाचायचं. रोम ज्या लात्सियो प्रांतात येतं तिथे २००६ मध्ये प्रांताच्या कायद्याने कोपेर्तो बंद केला, म्हणून तिथे बरेचजण त्याऐवजी पावाचे पैसे लावतात. टिप मात्र देण्याची सक्ती नाही. आणि कॉफी बारच्या काउंटरला उभं राहूनच प्यायची, साधारण १.२० ते १.४०. गावातल्या मोठ्या चौकात टेबलावर बसून घेतली की तीच तिप्पट होऊ शकते.

पेडगावचा_शहाणा
अग्रितुरिझ्मोत जेवण सगळ्यात स्वस्त असं ऐकलंय, अनघाताई तर शेतावरच राहतायत, तिथेच जेवता येईल की.

वऱ्हाडी_ठेचा
नाही भौ, तो गैरसमज आहे. मी म्युनिकहून दरवर्षी ब्रेनर घाट उतरून गाडी घेऊन जातो. अग्रितुरिझ्मो म्हणजे शेतकऱ्याने शेतीला जोड म्हणून राहायची-जेवायची सोय करायची, १९८५ चा कायदा आहे त्यांचा, मग २००६ ला नवीन आला. शेती हाच मुख्य धंदा पाहिजे आणि ताटात स्वतःच्या शेतातलं आणि आसपासचं किती हे प्रत्येक प्रांत ठरवून देतो. त्यामुळे माल एकदम खरा, त्याबद्दल वादच नाही. पण रात्रीचं ठरलेलं जेवण माणशी २५-३५ युरो, पाचजण म्हणजे तुमचा दीड दिवसाचा बजेट एका बैठकीत. एकदा जरूर करा, सासऱ्यांसाठी तर कराच, चार तास जेवण चालते. पण रोजचं नाही. रोजचं काम त्याच शेतकऱ्याकडून घ्या, भाजी, तेल, अंडी, वाईन विकत देतात ते, विचारायची लाज नका धरू.

रोजच्या जेवणासाठी माझा नेम एकच. साडेबाराला रस्त्याकडे बघायचं. तुमच्या भागातून जुना कास्सिया रस्ता जातो, सान क्विरिको, बुओनकोन्व्हेन्तो, असा सिएनाकडे. अशा रस्त्यावर ज्या हॉटेलापुढे मालाच्या व्हॅन, ट्रक, पाइपं बांधलेल्या टपाच्या गाड्या उभ्या असतील तिथे वळायचं. आत मेनूकार्ड नसतं बहुतेक, ती बाई टेबलापाशी येऊन तोंडीच भराभर सांगते, आज हे तीन पास्ते, हे तीन मांसाचे. सासऱ्यांना म्हणावं जे बाजूच्या टेबलावर आहे ते मागवा. पाण्याची बाटली, वाईनचा जग टेबलावर ठेवूनच देतात. सव्वाबाराला रिकामं हॉटेल पावणेएकला गच्च आणि दीडला परत रिकामं. माणसं तीस मिनिटात जेवून कामाला.

हायवेला लागलात तर खाण्यासाठी तिथल्या पंपावर थांबू नका, एखाद्या गावाच्या एक्झिटला उतरा, पाच किलोमीटर आत जा.

सदाशिवपेठी
अनघाताई, तुमच्या सासूबाईंच्या नेमाबद्दल कोणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो. आम्ही पतीपत्नी शुद्ध शाकाहारी आणि तिकडे मुलीकडे जाऊन राहिलोय. तिथली चीजं म्हणजे सरसकट दूध नव्हे. पार्मिजानो रेज्जानो आणि ग्राना पादानो दोन्हींत वासराच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) वापरतात, नियमच आहे तो त्यांचा. पेकोरिनो रोमानोत कोकराचं. म्हणजे 'पास्ता विथ चीज, व्हेज आहे' असं कोणी सांगितलं तरी ज्यांना हे चालत नाही त्यांना ते चालत नाही. हॉटेलवाला यात खोटं बोलत नसतो, त्याच्या लेखी ते शाकाहारीच असतं. पाकिटावर 'काल्यो' शब्द शोधायचा, 'काल्यो वेजेताले' किंवा 'मिक्रोबिको' लिहिलं असेल तरच घ्यायचं.

स्वराली
काका, पण अमूलचं चीज सोडलं तर आपण बाहेर पिझ्झा खातो तेव्हा कुठे एवढं बघतो? प्रवासात इतकं धरून बसलं तर वृद्ध माणसं उपाशीच राहतील.

सदाशिवपेठी
ते ज्याचं त्याने ठरवायचं. पण ठरवायला आधी माहिती हवी, ती न सांगता ताटात वाढणं मला पटत नाही. आणि उपाशी राहायची वेळ मुळीच येत नाही, टस्कनीसारखा शाकाहाऱ्याला सोयीचा भाग क्वचित असेल, तिथलं गरिबांचं जेवणच पाव, कडधान्य आणि पालेभाजी यांवर उभं आहे. बाकीचे इटालियन टस्कनीच्या लोकांना बीन्स खाणारे म्हणूनच ओळखतात.

अनघा_कोथरूड
काका, बरं झालं सांगितलंत. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या मला ते रेनेटवालं नको, उगीच मनाला लागून राहील. तर मग काय काय चालेल ते सांगा.

मीनल_मोदेना
काकांना दुजोरा. मी माझ्या आईसाठी जे करते ते सांगते.

तुमच्या भागाचा पास्ता म्हणजे पिची. हाताने वळलेल्या जाड लांब शेवया, बहुतेक ठिकाणी नुसतं पीठ आणि पाणी, अंडं नाही. (उत्तरेकडची आमची ताल्यातेल्ले वगैरे ताजी पास्ता अंड्याची असते, कोरड्या पाकिटातल्यात साधारणपणे नसतं, तरी पाकीट वाचायचं.) फक्त पिची 'अल्लाल्योने' म्हणून जे प्रसिद्ध आहे ते मोठ्या लसणाचं, ते त्यांना नको. साध्या टोमॅटोच्या सॉसलाही तळाशी लसूण किंवा कांदा असतोच, आधी सांगितलं तर नुसता ताजा टोमॅटो, तुळस आणि ऑलिव्ह तेल घालून देतात. 'सेन्झा आल्यो, सेन्झा चिपोल्ला, सेन्झा फोर्माज्जो, सेन्झा उओवा', म्हणजे लसूण, कांदा, चीज, अंडं नको, हे मोठ्या अक्षरात कागदावर लिहून तो कागदच वेटरच्या हातात द्यायचा. ॲलर्जी आहे असं खोटं सांगू नका. मेनूवर ॲलर्जीचे जे १४ नंबर असतात त्यात अंडं आणि दूध आहे पण कांदालसूण नाहीच, त्यामुळे ते गोंधळतात. 'पेर मोतीवी रेलिज्योझी' म्हणजे धार्मिक कारणासाठी, एवढं म्हटलं की खेड्यातली बाई लगेच समजून घेते, माझ्या आईला तर एकीने आत किचनमध्ये नेऊन भाज्यांचं टोपलं पुढे केलं होतं की यातलं काय शिजवू दाखवा.

रिसोत्तो आणि सूप यात मांसाचं ब्रोदो म्हणजे स्टॉक असतं बरेचदा, ते विचारल्याशिवाय नाही. ऑर्किएत्ते चीमे दि रापा म्हणून सरसोसारख्या भाजीचा पास्ता दिसेल, त्यात अँकोव्ही मासा असतो. झुकिनीची तळलेली फुलं दिसली तर आत मासा आहे का विचारा. बिनधास्त काय, तर पिंझिमोनियो (गाजर, सेलरी, बडीशेपेचा कांदा असतो तो, सगळं कच्चं आणि वाटीत तेल-मीठ, त्यात बुडवून खायचं), ग्रिल केलेल्या भाज्या, उकडलेली पालेभाजी वर लिंबू आणि तेल, आणि पाव. पाव मात्र टस्कनीत अळणी असतो, मीठच नाही, पहिल्या घासाला तोंड वाकडं होतं पण ओल्या खारट पदार्थाबरोबर तोच बरा लागतो.

आणि हो, 'बडीशेपेचा कांदा' म्हटलं म्हणून घाबरू नका, फिनोक्यो, त्याचा कांद्याशी काही संबंध नाही, नुसता आकार.

ऋतुजा२०११
पिसाला जाणार असाल तर चेचीना सोडू नका!! हरभऱ्याचं पीठ, पाणी, तेल, मीठ, बास, मोठ्या तांब्याच्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजतात, अगदी आपलं बेसनाचं धिरडं ओव्हनमध्ये जाऊन आल्यासारखं, कडा कुरकुरीत आत मऊ. वर मिरपूड. वजनावर विकतात, दोन-तीन युरोत भरपूर. लिव्होर्नोला त्यालाच तोर्ता म्हणतात आणि पावात घालून देतात. सासूबाई खूष होतील.

मीनल_मोदेना
ऋतुजा +१. आणि सप्टेंबरची खास गोष्ट, त्या दिवसांत द्राक्षांची तोडणी चालू असते, बेकऱ्यांत 'स्क्याच्चाता कोन लुवा' येतो, पावाच्या पिठाच्या दोन थरांत काळी वाईनची द्राक्षं बियांसकट, वरून साखर आणि तेल. भाजताना द्राक्षं फुटून रस पिठात मुरतो, खालचा थर जांभळा आणि चिकट होतो, वरचा कडक. वर्षातले थोडेच आठवडे मिळतो. सकाळी आठ-नऊला घ्या, दुपारपर्यंत संपतो. चरबी घातली नाही ना हे मात्र विचारा, 'सेन्झा स्त्रुत्तो?' एवढंच. थंडी सुरू झाली की चेस्टनटच्या पिठाचा कास्तान्याच्चो येतो, त्यात अंडं नाही की साखर नाही, पण तुम्ही त्याच्या जरा आधी जाताय.

सुखदा_के
धागा मस्त चाललाय, वाचनखूण साठवली. मला बाजाराबद्दल विचारायचंय, आठवडी बाजार कसा शोधायचा? आणि सुपरमार्केट बरं की बाजार?

मीनल_मोदेना
दोन्ही. पास्ता, दूध, दही, डाळी, पाणी सुपरमार्केटातून, कोप, कोनाद, युरोस्पिन, लिडल काहीही. फळं-भाज्या बाजारातून. प्रत्येक गावाचा वार ठरलेला, सकाळी ८ ते १. अनघाच्या आसपास मोंतेपुल्चानोचा गुरुवार, सिएनाचा बुधवार (तो फार मोठा), किआंतीत ग्रेव्हेचा शनिवार. पिवळ्या छत्र्यांखाली 'काम्पान्या आमिका' लिहिलेलं दिसलं तर ती शेतकरी संघटनेची विक्री, मधे दलाल नाही.

बाजारात फळाला हात लावायचा नाही, तो विकणाऱ्याचा मान आहे. तो विचारतो, कधी खाणार? आज म्हणालात तर अंजिराच्या पेटीतली मऊ, देठाशी थेंब आलेली काढून देतो, परवा म्हणालात तर कडक. पाच जणांसाठी दोन पिशव्या दोन दिवसांच्या वेगवेगळ्या बांधून देतात, हे मला इथलं सगळ्यात आवडतं. सुपरमार्केटात उलट, तिथे प्लास्टिकचा हातमोजा घालून स्वतः निवडायचं, वजनकाट्यावर नंबर दाबून स्टिकर लावायचा, नाहीतर काउंटरवरून परत पाठवतात.

बाजाराच्या एका टोकाला भाजलेल्या कोंबडीची आणि पोर्केत्ताची गाडी असते, पोर्केत्ता म्हणजे अख्खं डुक्कर मसाला भरून भाजलेलं, पाच-सहा युरोत पावात भरून देतात. सासऱ्यांचं दुपारचं जेवण त्यात झालं.

गावच्या किराणा दुकानाला आलिमेंतारी म्हणतात. तिथे चीज, ऑलिव्ह, हॅम वजनावर घ्यायचं, 'उन एत्तो' म्हणजे शंभर ग्रॅम. भाव पाटीवर कधी एत्तोचा कधी किलोचा असतो, तेवढं बघा. पाव तिथेच घेतला तर कापून, भरून देतात. पिएन्झाच्या मुख्य रस्त्यावर पेकोरिनोची दुकानं सुंदर सजलेली आहेत पण ती पर्यटकांच्या भावाची, तेच चीज गावाबाहेर जिथे बनतं तिथे घ्या. त्या खोऱ्यात दुसऱ्या महायुद्धानंतर सार्डिनियाहून धनगर मेंढ्या घेऊन येऊन स्थायिक झाले, आजही कितीतरी चीजवाले त्यांच्यातले आहेत.

वऱ्हाडी_ठेचा
डाळींचं मी सांगतो. मी भंडाऱ्याचा. उंब्रियात एका बाजारात पोत्यात कोनेदार मातकट दाणे पाहिले, चिचेर्किया नाव, हातात घेतले तर आपली लाख! लाखोळीची डाळ खाऊन मोठे झालो आम्ही आणि इथे ती म्हाताऱ्या लोकांच्या आठवणीतलं धान्य म्हणून जपतात, मार्के प्रांतात सेर्रा दे कोन्ती गाव तर त्यासाठीच ओळखलं जातं. दुकानदाराला फोनवर आमच्या घरच्या वड्यांचा फोटो दाखवला, तो त्याच्या आईला बोलवून आणला. रात्रभर भिजवून पाणी फेकून मगच शिजवायची, आणि रोज रोज नाही खायची, हे तिथलेही सांगतात आणि माझी आजीही सांगे.

बाकी घरी करायला कास्तेल्लुच्चोची मसूर घ्या, बारीक, भिजवावी लागत नाही, महाग आहे पण अर्ध्या किलोत पाचजणांचं भागते. साधी लाल मसूर पण सगळीकडे मिळते. हरभऱ्याचं पीठ 'फरीना दि चेची', त्याचं पिठलं करा. रवा 'सेमोलिनो'. फक्त हिंग, हळद, मोहरी, तिखट घरून न्या, ते सगळं खेड्यात मिळेलच असं नाही. कांदालसणीशिवाय सासूबाईंचं चालायला हिंग पाहिजेच. छोटा कुकर नेणार असाल तर शेगडी गॅसची की इंडक्शन ते घरमालकाला आधी विचारा.

अनघा_कोथरूड
वऱ्हाडी दादा, हिंगाची डबी पहिल्यांदा बॅगेत टाकली! भातासाठी कुठला तांदूळ? आणि भारतीय दुकान कुठे जवळपास आहे का?

मीनल_मोदेना
खिचडीला 'ओरिजिनारियो' तांदूळ छान, मऊ होतो. मोकळा भात हवा तर बासमती कोपमध्ये मिळतो. दही म्हणजे 'योगुर्त बियांको', घटकांत नुसतं दूध आणि विरजण असलेलं घ्यायचं, दहीभात मस्त होतो.

भारतीय दुकान तुमच्या खोऱ्यात शोधू नका. आमच्या एमिलियात भरपूर आहेत, कारण इकडच्या गोठ्यांत पंजाबी माणसं मोठ्या संख्येने काम करतात, ज्या दुधाचं पार्मिजानो होतं त्या गाई पहाटे पिळणारे कितीतरी हात जालंधर-होशियारपूरकडचे. नोव्हेल्लाराला २००० साली मोठा गुरुद्वारा झाला. उत्तरेकडे आलात तर लंगर आहेच, कोणालाही बसवतात, आणि सासूबाई काय खातात काय नाही हे आधी विचारून वाढतील.

आणि इकडची पियादिना म्हणजे पोळीसारखी पातळ भाकरी, रस्त्याकडेच्या पट्ट्यापट्ट्यांच्या टपरीत गरम भाजून देतात, पण पारंपरिक पिठात डुकराची चरबी असते. 'कोन ओल्यो' म्हणजे तेलाची मागा.

पेडगावचा_शहाणा
साग्रा म्हणजे जत्रा का? ते पण स्वस्त असतं म्हणे.

वऱ्हाडी_ठेचा
गावजेवणच म्हणा. गावची प्रो लोको नावाची मंडळी असते, सगळे बिनपगारी. एकेका पदार्थाची साग्रा, मशरूमची, रानडुकराची, चेस्टनटची. चौकाचौकात भडक रंगाचे पोस्टर लागतात, तारीख आणि वेळ बघून फोटो काढून ठेवायचा. मैदानात मांडव, लांब बाकडी. आधी कॅशच्या खिडकीपाशी छापील कागदावर कोणत्या पदार्थाच्या किती प्लेटी ते आकडे लिहायचे, पैसे भरायचे, नंबर घ्यायचा, मग गावची पोरंपोरी कागदी ताटं आणून देतात. पास्ता ७-९ युरो आणि प्लेट मोठी. आत किचनमध्ये गावच्या आज्या. माझ्या मते पूर्ण इटलीत याहून चांगलं जेवण पैशाच्या मानाने मिळत नाही. कार्ड खूप ठिकाणी चालत नाही, रोख ठेवा.

अनघाताई, सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी फ्लॉरेन्सजवळ इम्प्रुनेताला द्राक्षांचा उत्सव असतो, १९२६ पासूनचा, गावचे चार वाडे आपापले रथ काढतात. लेकीला दाखवा.

सुखदा_के
दक्षिणेला कोणी गेलंय का? आम्ही नेपल्सच्या खाली जातोय.

ऋतुजा२०११
हो! पेस्तुमला ग्रीक देवळं बघून झाली की आजूबाजूला म्हशींचे गोठे आहेत, चक्क म्हशी, चिखलात बसलेल्या, आमचे बाबा सातारचे, ते देवळं सोडून अर्धा तास तिथेच उभे. तिथेच मोझ्झारेल्ला बनवतात आणि विकतात. सकाळी जा, दुपारनंतर संपतं. त्याच दिवशी खायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, पिशवीतल्या पाण्यातच राहू द्यायचं. कापला की दूध गळतं. पाव, टोमॅटो आणि तो, चारजणांचं जेवण १५ युरोच्या आत. (रेनेट यातही असतं, काकांनी विचारायच्या आत सांगते.) पुढे चिलेन्तोचा किनारा, पिओप्पी गाव, तिथे अँसल कीज म्हणून अमेरिकन शास्त्रज्ञ राहायचे, त्यांनी मेडिटरेनियन आहाराचा अभ्यास केला. डाळी, भाज्या, तेल, थोडे मासे, रोजचं साधं जेवण, त्याचाच.

सदाशिवपेठी
त्रिएस्तेकडे कोणी जाणार असेल तर कार्सो पठारावरच्या ओस्मित्सा शोधा. शेतकरी स्वतःच्या घराच्या अंगणात वर्षातले काही ठरावीक दिवस स्वतःचीच वाईन आणि खाणं विकतो, १७८४ मध्ये सम्राट दुसरा जोसेफ याने तशी परवानगी दिली, तेव्हापासून चालू आहे. रस्त्यावर लाकडी बाण आणि त्याला बांधलेली हिरवी फांदी दिसली की त्या बाजूला वळायचं. मांसाहाऱ्यांसाठी हॅम आणि अंडी, आम्हाला मात्र पाव, लोणच्याच्या भाज्या आणि अंगणातली सावली मिळाली, त्यातही समाधान होतं.

स्वराली
पाण्याचं राहिलं. बाटल्या घेऊ नका रोज. गावागावात पालिकेचे पाण्याचे नळ आहेत, 'कासा देल्लाक्वा', साधं पाणी बहुतेक फुकट, सोडा असलेलं पाच-दहा सेंट. फक्त 'नोन पोताबिले' लिहिलं असेल ते प्यायचं नाही. आणि गाडी घेऊन जुन्या गावाच्या वेशीच्या आत शिरू नका, झेडटीएल लिहिलेला गोल बोर्ड असतो, कॅमेरा फोटो काढतो, महिन्यांनी घरी दंड येतो, जेवणात वाचवलेले सगळे तिथे जातील. भारतीय लायसन्सला आरटीओचं इंटरनॅशनल परमिट पण लागतं.

अनघा_कोथरूड
केवढी मदत केलीत सगळ्यांनी! सासूबाईंनी स्वतः वही घेऊन चार शब्द लिहून पाठ केलेत, सेन्झा आल्यो सेन्झा चिपोल्ला घरभर ऐकू येतंय. शेवटचं एक, ऑलिव्ह तेल आणायचं म्हणतोय. काय बघून घ्यायचं, किती आणता येईल?

मीनल_मोदेना
सप्टेंबरात मिळेल ते गेल्या हंगामाचं. नवीन तेल ऑक्टोबरच्या शेवटाला, नोव्हेंबरात निघतं, हिरवंगार आणि घशाला तिखट लागणारं, ते तुम्हाला नाही मिळणार. लेबलवर 'राक्कोल्ता' म्हणजे तोडणीचं वर्ष बघा, तारखेपेक्षा ते महत्त्वाचं. फ्रांतोइओत म्हणजे तेलाच्या घाण्यावर जाऊन चव घेऊन घ्या, पाव पुढे करतात. काचेची बाटली नको, पत्र्याचा डबा घ्या. पाच लिटरचा एक घेण्यापेक्षा एक लिटरचे तीन, कारण डबा एकदा उघडला की पुण्याच्या उन्हाळ्यात तेल लवकर उतरतं. हँडबॅगेत चालणार नाही, चेक-इनमध्ये, झाकणाला टेप, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपड्यांच्या मधोमध. आणि फोडणीला नका वापरू ते, गरम वरणावर वरून घाला.